ग्वाल्हेर: तळमजला आणि वर तीन मजले, ३२ एचपीच्या व्हीआरएफ एसीचं कोटेशन आलंय. घ्यावं का?

लष्करची_सून

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं एकदाच सांगते, म्हणजे पुन्हा पुन्हा विचारायला नको.

आमची इमारत जयेंद्रगंजात आहे. तळमजल्यावर एका फायनान्सवाल्यांचं ऑफिस. पहिल्या मजल्यावर पॅथॉलॉजी लॅब आणि डॉक्टरांच्या दोन केबिनी. दुसऱ्यावर कोचिंग क्लासच्या दोन खोल्या, एकेकीत चाळीस मुलं. तिसऱ्यावर माझं स्वतःचं हिशेबांचं ऑफिस, आणि त्याच्यावर थेट गच्ची. सगळं मिळून ३७०० चौरस फूट. आजवर आमचं खसच्या कूलरवर भागलं. मेमधल्या कोरड्या लूमध्ये कूलर छान चालतो, पण जुलैत पाऊस लागला की तोच कूलर खोलीत वाफ भरतो. लॅबच्या रजिस्टरची पानं एकमेकांना चिकटलेली मी स्वतः सोडवली आहेत. आणि कूलरला पाणी लागतं. तिघऱ्याच्या धरणाचं पाणी एक दिवसाआड आलं की टाकीपाशी भाडेकरूंची भांडणं माझ्याच दारात येतात.

हिवाळ्याचं दुखणं वेगळंच. जानेवारीत पहाटे बाहेर ४-५ अंश असतं, धुकं असतं, आणि लॅबमध्ये रिकाम्या पोटी रक्त द्यायला म्हातारी माणसं येऊन बसलेली असतात. गेल्या महिन्यात एका आजींचा हात इतका गार होता की शीर सापडेना. लॅबमधल्या मुलीने आधी स्वतःच्या तळहातांत त्यांचा हात धरून गरम केला, मग सुई घातली. त्या दिवशीच ठरवलं की आता थंडीचा आणि गरमीचा एकच पक्का बंदोबस्त करायचा.

स्प्लिट एसी लावायचे तर बाहेरची पंधरा युनिटं समोरच्या दगडी कमानींवर लटकवावी लागतील. मागे शेजाऱ्यांची भिंत आहे. आमच्या आजेसासऱ्यांनी ग्वाल्हेरी दगडात घडवून घेतलेली ती दर्शनी बाजू आहे, तिथे मी खिळासुद्धा ठोकू देणार नाही. म्हणून व्हीआरएफचा विचार, म्हणजे गच्चीवर एक मोठं यंत्र आणि त्याच्या नळ्यांवर खोल्याखोल्यांतली युनिटं. एका ठेकेदाराने गच्चीवर ३२ एचपीचं आउटडोअर आणि आत १६ इनडोअर असं कोटेशन दिलंय. इनडोअरची बेरीज ४० एचपी होते. बाहेर ३२ आणि आत ४०, हा हिशेब मला जुळेना. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, ऐसा ही होता है." ३२ एचपी म्हणजे किती टन? गरम हवा खरंच मिळते का? भाडेकरूंना वीजबिल कसं वाटून द्यायचं? आणि मुख्य म्हणजे पंधरा वर्षं टिकायला काय बघून घ्यायचं? ज्यांनी वापरलंय त्यांनी कृपया लिहा.

पडाववाला

ताई, माझं स्टेशनजवळ छोटं गेस्ट हाउस आहे, ११ खोल्या. चार वर्षांपूर्वी व्हीआरएफ लावलं. पहिला उन्हाळा स्वर्ग होता. खाली रिसेप्शनवर बसून कुठल्या खोलीत किती अंशांवर चालू आहे ते दिसायचं, आवाज नाही, खिडक्यांत डबे नाहीत.

दुसऱ्या वर्षी मेमध्ये, लग्नाच्या तिथीच्या आदल्या दिवशी, सगळ्या खोल्या एकदम बंद. एक नाही, अकराच्या अकरा. गॅस निघून गेला होता. ज्याने काम केलं त्याने गॅस भरून दिला, दीड महिन्यात पुन्हा तेच. शेवटी दुसऱ्या माणसाने फॉल्स सीलिंग उघडत उघडत तिसऱ्या खोलीवर एक जोड शोधला. साबणाचं पाणी लावल्यावर तिथे मोहरीएवढा बुडबुडा यायचा आणि फुटायचा. एवढ्याशा बुडबुड्याने मला वऱ्हाडाचे पैसे परत द्यायला लावले.

यंत्र वाईट आहे असं मी म्हणणार नाही. आजही चालू आहे, आणि बिल जुन्या खिडकी एसींपेक्षा कमी येतं. पण सगळी इमारत एकाच नळीवर टांगू नका, एवढंच माझं कळकळीचं सांगणं.

अभियंता_इंदूर

माझं मत जरा वेगळं आहे. ३७०० चौरस फुटांना इन्व्हर्टर स्प्लिट पुरतात. एक बिघडला तर एकच बंद, दुरुस्त करणारा माणूस गल्लीत मिळतो, आणि प्रत्येक भाडेकरूचा एसी त्याच्याच मीटरवर, त्यामुळे बिलाची कटकटच नाही. व्हीआरएफचं एक कार्ड जळलं तर कंपनीच्या माणसाची वाट बघावी लागते. गरम-थंड स्प्लिटसुद्धा मिळतात.

मात्र दर्शनी बाजू वाचवायची हे कारण मला पटतं. स्प्लिटची नळी साधारण १५-२० मीटरच्या पुढे नेणं बरोबर नाही. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत वळणं धरून तुम्ही त्याच्या पुढे जाल. व्हीआरएफला ती अडचण नाही.

गॅसचंही विचारून घ्या. आर-४१०ए असेल तर त्याचा तापमानवाढीचा आकडा (कार्बन डायऑक्साइडचा १ धरून) २०८८ आहे, आर-३२ चा ६७५. किगाली कराराप्रमाणे भारतात या जातीच्या गॅसचा वापर २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कमी करायचा आहे. आज घेतलेलं यंत्र तेव्हा चालूच असेल, त्या वेळी गॅस महाग पडू शकतो. आर-३२ मात्र सौम्य ज्वलनशील आहे, त्याचे नियम वेगळे.

दौलतगंज_काका

ताई, मी या कामात एकतीस वर्षं काढली. पुणे, नागपूर, दिल्ली, आणि आता परत आपल्या ग्वाल्हेरात. तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. लोक यंत्राची कंपनी विचारतात, तुम्ही टिकायचं काय ते विचारलंत.

आधी एचपीचं. या धंद्यातला एचपी हा मोटरचा हॉर्सपॉवर नव्हे. इथे १ एचपी म्हणजे २.८ किलोवॉट थंडावा, म्हणजे ०.८ टन. तुमचं ३२ एचपी म्हणजे साडेपंचवीस टन. बरेच जण ३२ टन समजून सही करतात. आणि हा साडेपंचवीसचा आकडासुद्धा बाहेर ३५ अंश असतानाचा आहे. आपल्याकडे मेअखेर ४५-४६ सहज जातं, गच्चीवर तर त्याच्याही वर. तिथे ताकद साधारण दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते, यंत्रागणिक फरक पडतो. ठेकेदाराकडून ४६ अंशांचा तक्ता लेखी मागा. त्याला टी-३ रेटिंग म्हणतात. नुसतं "ट्रॉपिकल मॉडेल है" यावर थांबू नका.

आत ४० आणि बाहेर ३२ हे चूक नाही. सगळ्या खोल्या एकाच वेळी पूर्ण जोरात चालणार नाहीत असं धरतात, १३० टक्क्यांपर्यंत जोडायला बहुतेक कंपन्या परवानगी देतात. पण तुमच्या इमारतीत हे गृहीतक कुठे मोडतं बघा. क्लास किती वाजता भरतो? चार वाजता भरत असेल तर चार ते सहा फायनान्सचं ऑफिस चालू, लॅब चालू, तुम्ही चालू, आणि वर ऐंशी मुलं. दिवसभर तापलेली गच्ची तेव्हाच खाली आग सोडते. एक माणूस बसल्या जागी सुमारे ११५ वॉट उष्णता देतो. ऐंशी मुलं म्हणजे नऊ किलोवॉटच्या वर, अडीच टन नुसते मुलांचे.

आणि एक गोष्ट तुम्हाला कुणीच सांगितलेली दिसत नाही. व्हीआरएफ बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा गार करून पुन्हा सोडतं. चाळीस मुलं बंद खोलीत बसली तर अर्ध्या तासात कार्बन डायऑक्साइड ३००० पीपीएमच्या वर जातो, बाहेर तो ४२० च्या आसपास असतो. मुलं जांभया द्यायला लागतात आणि सर म्हणतात की पोरांचं लक्ष नाही. ताज्या हवेचं वेगळं यंत्र लावावं लागतं, ज्यात बाहेर जाणारी गार हवा आत येणाऱ्या गरम हवेला आधीच थोडी निववते. त्याला ईआरव्ही म्हणतात. माणशी तासाला १५ घनमीटर हवा धरली तर ऐंशी मुलांच्या हवेचाच भार मेमध्ये दोन टनांच्या घरात जातो, ईआरव्ही असेल तर निम्म्याहून कमी होतो. कोटेशनमध्ये हे नसेल तर ते कोटेशन अपुरं आहे.

आता माझ्या मनातली मुख्य गोष्ट. व्हीआरएफ म्हणजे शेवटी कॉपरच्या नळ्यांचं जाळं. गच्चीवरचं यंत्र कारखान्यात तपासून येतं. तुमचं जाळं मात्र तुमच्याच जिन्यात, तुमच्याच छतावर, दोन पोरं झाळ द्यायची गॅसबत्ती हातात घेऊन बनवतात. पंधरा वर्षांचं आयुष्य तिथे ठरतं. माझ्या टेबलावर वीतभर नळीचा एक तुकडा आहे, उभा चिरलेला. बाहेरून लखलखीत, जोड सुबक. आतून काळाठिक्कर, आणि नख लावलं की खपली निघते, पापडासारखी. नळीला झाळ देताना आत नायट्रोजन सोडला नाही की तांबं आतून जळतं आणि ही खपली धरते. मग यंत्रातलं तेल ती धुऊन पुढे नेतं, आणि प्रत्येक इनडोअरच्या तोंडाशी गॅस मोजून सोडणारी सुईसारखी बारीक झडप असते तिथे ती जाऊन बसते. ग्राहक म्हणतो मशीन खराब आहे. तो तुकडा मी दहा वर्षांपूर्वी एका बंद पडलेल्या कामावरून कापून आणला, आणि तेव्हापासून प्रत्येक नव्या पोराला आधी तोच हातात देतो.

म्हणून पहिला जोड होताना तुम्ही स्वतः उभ्या राहा. नायट्रोजनचा सिलिंडर नळीला लावलेला दिसला पाहिजे, नुसता कोपऱ्यात ठेवलेला नाही. झाळ दिल्यावर एक नमुन्याचा जोड कापायला लावा. आतून गुलाबी निघाला तर काम पुढे जाऊ द्या.

सगळं जाळं झाल्यावर त्यात ६०० पीएसआयपर्यंत नायट्रोजन भरून चोवीस तास ठेवतात. इथे आपल्या ग्वाल्हेरात एक फसगत होते. दुपारी २२ अंश असताना भरलं आणि पहाटे १० अंशांत बघितलं तर गळती नसतानाही काटा २५ पीएसआयने खाली दिसतो. गॅस थंडीने आक्रसतो. म्हणून दाबासोबत तापमानही लिहून घ्या, एका अंशाला साधारण २ पीएसआय. काही लोक याच थंडीचं निमित्त करून खरी गळती झाकतात, तिथेही हाच हिशेब कामी येतो. नंतर व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने नळ्यांतली हवा ओढून घेणं, ५०० मायक्रॉनपर्यंत (हे इथे आत उरलेल्या दाबाचं माप), डिजिटल गेजवर. पंप बंद करून तासभर आकडा चढता कामा नये.

पडाववाल्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. एका ३२ ऐवजी दोन यंत्रं करा. खालचे दोन मजले एकावर, वरचे दोन दुसऱ्यावर. गळती झाली तर अर्धी इमारत चालू राहील. शिवाय मार्चअखेर रविवारी तुम्ही एकट्याच ऑफिसात बसणार असाल. तेवढ्या एका खोलीसाठी ३२ एचपीचं यंत्र इतकं हळू चालू शकत नाही, ते सारखं चालू-बंद होतं आणि वीज खातं. तिसरं कारण सुरक्षेचं. मोठ्या यंत्रात आणि नळ्यांत मिळून २०-२५ किलो गॅस असतो, आणि गळती एकाच खोलीत झाली तर तो सगळा तिथेच उतरतो. हा गॅस हवेपेक्षा जड, प्राणवायूला बाजूला सारतो. आर-४१०ए ची मर्यादा घनमीटरला सुमारे ०.४२ किलो आहे. डॉक्टरांची १० बाय १० ची केबिन, ९ फुटांवर फॉल्स सीलिंग, म्हणजे तिथे साधारण पावणेअकरा किलोच चालतो. यंत्र अर्धं केलं तरी त्या केबिनींच्या दारांखाली फट, वर जाळी, आणि गॅसचा सेन्सर ठेवाच.

इंदूरच्या भाऊंचा मुद्दाही खोटा नाही. लॅबमधली मशीनची खोली आणि फ्रिज जिथे आहेत तिथे सरळ वेगळा स्प्लिट लावा, दर्शनी बाजू सोडून. त्या खोलीला जानेवारीतही थंडावा लागतो, आणि साधं दोन नळ्यांचं व्हीआरएफ एका वेळी एकतर सगळ्यांना गरम देतं नाहीतर सगळ्यांना गार. एकाच वेळी दोन्ही देणारं यंत्र मिळतं, पण एका खोलीसाठी तो खर्च करू नका.

लष्करची_सून

काका, तुमचं उत्तर मी छापून फाइलला लावलंय. क्लास चारलाच भरतो. म्हणजे तुमचा अंदाज नेमका बसला.

पण हीटिंगचं सांगा ना. त्या आजींसाठीच तर सगळा खटाटोप आहे. आमच्या लॅबचं छत ११ फूट आहे. आणि भाडेकरूंच्या बिलाचं?

दौलतगंज_काका

हीटिंग खरं आहे ताई, आणि चांगलं आहे. साधा कॉइलचा हीटर एक युनिट विजेत एक युनिट उष्णता देतो. हे यंत्र बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणतं, म्हणून एका युनिटमागे तीनच्या आसपास देतं. बाहेर जितकं गार तितकं थोडं कमी.

दोन गोष्टींची तयारी ठेवा. धुक्याच्या पहाटे बाहेरच्या जाळीवर बर्फ धरतो. तो वितळवायला यंत्र मधूनच पाच-दहा मिनिटं उलटं चालतं, तेवढा वेळ आतली हवा थांबते. बिघाड समजू नका. पेशंट साडेसहाला येत असतील तर सहाला टायमरवर सुरू करा. दुसरं, गरम हवा वर जाते. ११ फुटांवरच्या कॅसेटमधून, म्हणजे छतात बसवलेल्या इनडोअरमधून, ती छताशीच तरंगत राहील. कॅसेटमधला सेन्सर म्हणेल २४ अंश झाले, मी थांबतो, आणि खाली आजींचे पाय गारच. जिथे पेशंट बसतात तिथे कॅसेट न लावता भिंतीवर खाली बसवलेलं किंवा जमिनीवर उभं राहणारं इनडोअर घ्या, आणि तापमान भिंतीवरच्या रिमोटने वाचावं असं सेटिंग करून मागा. हे सेटिंग असतं, पण मागितल्याशिवाय कुणी करत नाही.

बिलाचं सॉफ्टवेअर मिळतं. कुठल्या इनडोअरची झडप किती वेळ, किती उघडी होती यावरून ते आउटडोअरची वीज वाटून देतं. तो मीटर नाही, वाटणी आहे. म्हणून दोन्ही आउटडोअरला स्वतंत्र सबमीटर लावा आणि वाटणीची पद्धत आधीच भाडेकरारात लिहा. इनडोअरच्या लाइनवर मीटर लावून काही उपयोग नाही, तिथे फक्त पंख्याची वीज दिसते. करार कसा लिहायचा ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

पडाववाला

एक राहिलं. माकडं. गच्चीवरच्या नळ्यांचं काळं रबर ती ओरबाडून खातात, आणि उरलेलं उन्हाने तडकतं. मी शेवटी सगळ्या नळ्या पत्र्याच्या झाकणाच्या ट्रेमधून नेल्या. कंट्रोलची वायरही तिथेच, पण विजेच्या केबलपासून वेगळ्या पाइपात. आधी एकत्र होती तेव्हा खोल्या आपोआप "एरर" दाखवायच्या.

लष्करची_सून

तीन आठवड्यांनी लिहितेय. तिघांकडे गेले. दोघांना विचारलं, पहिला जोड कापून दाखवाल का? एकाने विषय बदलला. दुसरा म्हणाला, "कॉपर महँगा है मॅडम, काटेंगे तो नुकसान." तिसरा मुरारकडचा तरुण मुलगा, त्याने त्याच्या चालू कामावर नेलं, माझ्यासमोर जोड कापला आणि रुमालाने पुसून हातात दिला. आतून गुलाबी. नखाने खरवडून पाहिलं, काही निघालं नाही. काम त्यालाच दिलंय. १८ आणि १६ एचपीची दोन यंत्रं, क्लासला ईआरव्ही, लॅबच्या मशीनच्या खोलीला वेगळा स्प्लिट, पेशंटच्या बाकांशेजारी जमिनीवरचं युनिट.

आता शेवटचं विचारते. गच्चीवर दीर म्हणतात की यंत्रांवर पत्र्याचं शेड टाकू, ऊन लागणार नाही. पत्रे आणूनसुद्धा ठेवलेत.

दौलतगंज_काका

शेड टाकू नका ताई. आउटडोअर गरम हवा वर फेकतं. पत्रा असला की ती आपटून खाली येते आणि यंत्र तीच पुन्हा आत ओढतं. बाहेर ४५ असताना यंत्राला ५२ मिळतात आणि भर दुपारी ते ट्रिप होतं. सावलीने जे वाचतं त्याच्या कितीतरी पट इथे जातं. माथा पूर्ण उघडा ठेवा. कठडा उंच असेल तर यंत्रं दीड-दोन फूट उंच स्टँडवर चढवा, आणि दोन यंत्रांमध्ये माणूस बसून काम करू शकेल एवढी जागा सोडा. पत्रे त्या नळ्यांच्या ट्रेला वापरा, माकडांसाठी.

आणि दाबाची चाचणी लावाल त्या दिवशी मला आधी सांगा. जयेंद्रगंज लांब नाही, काटा बघायला मी येतो.

लष्करची_सून

दिरांना वाचून दाखवलं. पत्रे कापायला दिलेत. चाचणी गुरुवारी दुपारी लावणार आहेत काका, शुक्रवारी त्याच वेळेला बघू म्हणाले. मी पहाटेचा आकडाही लिहून घेणार आहे, तापमानासकट.